पाणी सोडणाऱ्याचा पगार आणि आपली 'कळकळी'ची अपेक्षा

वेदगंगाकाठ (धागाकर्ता)

"पंचायतीतल्या माणसांना कामाची कळकळ नाही" हे निपाणी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतं. आपल्या सीमाभागात त्याला एक शेपूट असतं : "त्यात साहेब विजापूरकडचा, त्याला आपलं काय पडलंय?" हा धागा त्या शेपटासाठी नाही. भाषेवर इथे ढीगभर धागे आहेत, तिकडे भांडू. मला विचारायचंय ते असं, की गावाबद्दलची बांधिलकी आपण कर्मचाऱ्याकडून हक्कानं मागतो, पण पंचायत आणि गाव त्या कर्मचाऱ्याचं काही देणं लागतात की नाही?

आमच्या गावचा नीरगंटी, म्हणजे नळाला पाणी सोडणारा, घ्या. पंचायतीच्या उतरंडीत सगळ्यात खालचा माणूस. पहाटे पाचला लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून निघतो. व्हॉल्वच्या खड्ड्यात पावसाचं गढूळ पाणी साचलेलं असतं. त्यात कोपरापर्यंत हात घालून खुंटी चाचपायची, मग चावी बसवायची. खालच्या गल्लीला पाच आटे, वरच्या आळीला पूर्ण, आणि देवळामागचा व्हॉल्व अर्धाच. तो पूर्ण उघडला तर शेवटच्या घरांना थेंब मिळत नाही. बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, चोथा खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत ओतायची. मग शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकायचे. पिवळसर झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं असा दंडक आहे. त्याला तो आकडा माहीत नाही, रंग माहीत आहे. गावच्या नळाचा हा सगळा नकाशा कुठल्याच कागदावर नाही, त्याच्या डोक्यात आहे. तो आठ दिवस आजारी पडला की अर्धं गाव घागरी घेऊन विहिरीवर.

२०१९ चा ऑगस्ट आठवत असेल. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज हे पूल तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्याचं कुणाला नवल नाही. त्या वर्षी मात्र घरं गेली. शाळेत गंजी केंद्र (पूरग्रस्तांची छावणी) उघडलं, आणि तिथल्या टाकीत पाणी भरणारा, ब्लिचिंग टाकणारा, संडासाला पाणी पोचवणारा हाच माणूस होता. त्याच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि त्याचा पगार तेव्हा कित्येक महिने थकलेला होता. मागाहून विचारलं, तर म्हणाला, "गावात तोंड दाखवायचंय की."

आता ह्याला बांधिलकी म्हणायचं की मजबुरी? आणि बांधिलकी असेल, तर ती ह्या माणसाच्या जिवावर किती दिवस चालवायची? जाणकारांनी लिहावं.

मिरचीकांदा

वाचतोय. चांगला विषय.

खडेबाजार

धागा भावनिक आहे, त्यामुळे मी रुक्ष लिहितो. मला कुणाची कळकळ नको, वेळेत काम हवं. घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. उताऱ्यासाठी मात्र हेलपाटे घालायचे. 'सकाल'चा कायदा २०११ चा आहे (वर्तमानपत्र नव्हे, सेवा हमीचा कायदा). अर्ज घेतला की पंधरा आकडी नंबर द्यायचा. मुदत चुकली की दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई, आणि ती चुकार अधिकाऱ्याच्या पगारातून. वाचायला फार छान. पण नंबरच देत नाहीत. "कागद ठेवून जावा, साहेब बघतील, मग नंबर काढू" म्हणतात. नंबर नाही म्हणजे मुदत नाही, मुदत नाही म्हणजे उशीरही नाही! ऑनलाइन अर्ज केला तर एक कागद कमी म्हणून परत.

तुमचा पाणीवाला भला माणूस असेल. खिडकीतल्या कायम नोकरीवाल्याबद्दल काय म्हणता? त्याचा पगार एक तारखेला होतो. त्याची कळकळ कुठं गेली?

पालिकेतला जुना

खडेबाजार साहेब, खिडकीच्या आतून उत्तर देतो. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मी उभी नोकरी काढली. कुठली ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

तुमचा प्रश्न रास्त आहे. कायम पगार म्हणजे कळकळ असं कधीच नव्हतं. पण खालून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. आमच्याकडे झाडूवाले दोन जातीचे. इथे जात म्हणजे मस्टरवरची जात. एक पालिकेच्या मस्टरवर, दुसरा ठेकेदाराच्या. एकाच गल्लीत, एकाच गटारावर, एकच मुकादम. पहिल्याला बूट, दिवाळीला बोनस, मेल्यावर पोराला अनुकंपा. दुसऱ्याला पीएफ कापल्याची चिठ्ठी आणि खात्यावर शून्य. ठेकेदार बदलला की जुना म्हणतो "माझा संबंध संपला", नवा म्हणतो "मागचं मला माहीत नाही". आणि ज्या कार्यालयाच्या भिंतीवर 'स्वच्छता हीच सेवा' रंगवलंय, ते म्हणतं "तो आमचा माणूसच नाही".

गंमत अशी, की जास्त राबायचा तो दुसराच. मस्टरवरचे काही जण हजेरी लावून बदली माणूस पाठवायचे, हे मी लपवत नाही. तेव्हा नुसतं कायम केलं की सगळं सुधारतं, असंही मी म्हणणार नाही. पण ठेक्यावरचा राबायचा तो उद्या काढतील ह्या धास्तीनं. त्याला बांधिलकी म्हणून त्याचे सत्कार करू नका.

ठेका बंद करून पगार थेट खात्यात द्या, ही मागणी कर्नाटकात जुनी आहे. सलप्पा समितीपासून पौरकार्मिकांच्या (पालिकेच्या सफाई कामगारांच्या) हालाचे कागद तयार आहेत. २०१७ मध्ये सरकारनं काही पौरकार्मिकांना सफाई बघायला सिंगापूरला धाडलं होतं. (आमच्यातला एक जण तेव्हा म्हणाला, "सिंगापूर राहू दे, हातमोजे द्या.") २०२२ च्या जुलैत राज्यभर काम बंद झालं, तेव्हा कुठे टप्प्याटप्प्यानं कायम करायचं सरकारनं कबूल केलं. २३ सप्टेंबरला पौरकार्मिक दिन असतो. हार घालतात, नाश्ता देतात. नाश्त्याला नावं ठेवत नाही, पहाटे पाचला उपाशी पोटी गटारात उतरणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

आणि गटारात उतरणं म्हटलं तर २०१३ च्या कायद्यानं माणूस उतरवायला बंदी आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण चोकअप झालं की नगरसेवकाचा फोन येतो, "मशीनची वाट बघत बसू नका." तेव्हा 'नाही' म्हणणारा मुकादम कामचुकार ठरतो. मी एकदा म्हणालो होतो. माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली. तिथे बरं गेलं, तो भाग वेगळा.

गुऱ्हाळ

'पालिकेतला जुना', दंडवत. ह्यावर पुस्तकी चार ओळी टाकतो, कंटाळा आला तर पुढे जा.

मेयर आणि ॲलन ह्या दोघांनी १९९१ मध्ये कर्मचाऱ्याच्या बांधिलकीचे तीन धागे वेगळे केले. एक, जीव लागला म्हणून राहणं. दोन, सोडलं तर खायचं काय म्हणून राहणं. तीन, सोडणं बरोबर दिसत नाही म्हणून राहणं. ठेक्यावरचा झाडूवाला म्हणजे दुसरा प्रकार. "गावात तोंड दाखवायचंय" म्हणजे चोख तिसरा. ह्या विषयावर पुढे जे अभ्यास झाले त्यांतून साधारण हेच दिसत आलं, की पहिल्या प्रकारच्या माणसाकडून काम चांगलं होतं. दुसऱ्या प्रकारचा माणूस नोकरी सोडत नाही, एवढंच.

पहिला प्रकार कशानं वाढतो? माणसाला कामाचा उपयोग डोळ्यांनी दिसला, वरिष्ठ न्यायानं वागले आणि संस्था बाहेर सांगते तशीच आत वागली, तर. म्हणजे कार्यालयाची सामाजिक जबाबदारी आत पोचली, तर. कंपन्यांना आपण कायद्यानं बांधलं. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर घालायचे आहेत. आपल्या पट्ट्यात त्या पैशातून शुद्ध पाण्याची यंत्रं बसली, शाळांना बाकं आली. पंचायतीला असा कलम लागत नाही, कारण तिचं सगळं कामच समाजाचं, असा समज. त्यामुळे ती आपल्याच माणसांशी कशी वागते हे कुणी तपासत नाही.

एक जोड. बेळगाव महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली, निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, आणि महापौर बसले फेब्रुवारी २०२३ मध्ये. जिल्हा आणि तालुका पंचायतीची कथा त्याहून रखडलेली, मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणूक पुढे-पुढेच जात राहिली. वर लोकांनी निवडलेलं कुणी नसताना खालच्या माणसानं जीव लावायचा तो कुणाकडे बघून?

खडेबाजार

गुऱ्हाळ, निवडलेले आले तरी काय दिवे लावतात ते दिसतंच आहे. प्रत्येक पावसाळ्यात बेळगावचा बळ्ळारी नाला फुगतो आणि शहापूर-वडगावच्या बासमतीच्या शेतात पाणी शिरतं. एक खातं म्हणतं गाळ आमच्याकडे नाही, दुसरं म्हणतं हद्द आमची नाही. तिथे कुणाचा पगार थकला होता?

गुऱ्हाळ

मुद्दा मान्य. हद्दीचं भांडण हा बांधिलकीचा प्रश्न नाही, तो टोलवाटोलवीचा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

जांबोटीकर

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची गोष्ट सांगतो. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आत गवाळी, पास्तोळी, कोंगळा, आमगाव अशी गावं. पावसात ओढ्यावरचा साकव हाच रस्ता. आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, हे पेपरात आपण सगळ्यांनी वाचलंय. वनखातं रस्ता होऊ देत नाही, आणि रस्ता नाही म्हणून बाकीची खाती येत नाहीत.

तिथवर जातो कोण? बिल कलेक्टर. हुद्दा वसुलीचा, आणि वसूल काय करणार, दगड? पण पेन्शनचा कागद, आधारची दुरुस्ती, जॉबकार्डाची नोंद, सगळं त्याच्या पिशवीतून जातं. अंगठा लागायला रेंज नाही, म्हणून म्हाताऱ्यांना टेकडीवर बोलावून मशीन उंच धरून उभा राहिलेला मी बघितलाय. एका आजीचा अंगठा उमटेना, रेघाच झिजलेल्या. त्यानं तिच्याच पदरानं बोट पुसलं, थोडं खोबरेल लावलं, परत पुसलं, पाचव्या की सहाव्या वेळी लागला. ह्याची नोंद कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये होते?

पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) मात्र आमच्याकडे टिकत नाही. एकाकडे दोन-दोन पंचायती. मंगळवारी इकडे, गुरुवारी तिकडे, उरलेले दिवस मीटिंगला. त्यातला एक होता तिकडचा, यादगीरकडचा. आला तेव्हा 'बसा' आणि 'जेवलात का' एवढंच मराठी. जाताना वॉर्डसभा मराठीत घेऊलाला. लोक त्याच्यासाठी तालुक्याला निवेदन घेऊन गेले, की बदली करू नका. बदली झालीच. वेदगंगाकाठ, तुमच्या शेपटाला माझं एवढंच उत्तर.

ओक्कूटवाली

मी पंचायतीची कचऱ्याची गाडी चालवते. संजीवनी ओक्कूट (बायकांच्या बचतगटांचा संघ) आणि पंचायतीचा करार आहे, त्यातून आम्ही बायका. ड्रायव्हिंगचं ट्रेनिंग झालं, लायसन निघालं, गाडी हातात आली तेव्हा सासूबाईंनी नारळ फोडला.

पहिले दिवस गल्लीतल्या बायका खिडकीतून विचारायच्या, "काय गं, पंचायतीत नोकरी करूलालीस की कचऱ्यात?" आता त्याच ओरडतात, "आज उशीर का?" ओला-सुका वेगळा द्या म्हणून किती सांगायचं. डायपर ओल्यात, फुटकी काच सुक्यात, ब्लेड कागदात गुंडाळायचे सुद्धा कष्ट नाहीत. शेडमध्ये निवडताना माझ्या जोडीदारणीच्या तळव्यात काच गेली. टाके पडले. औषधाचा खर्च पंचायतीनं द्यायचा की ओक्कूटनं, हा विषय तीन मीटिंगा चालला. तोवर तिच्या नवऱ्यानं उसने पैसे आणून भागवलं.

मला हे काम आवडतं. खोटं नाही सांगत. ओढ्याच्या कडेचा ढीग गेला, तो आम्ही घालवला. पण खडेबाजारदादा म्हणतात तसं "वेळेत काम हवं", तर वेळेत मानधन पण हवं ना? आमचं मानधन मागितलं की उत्तर ठरलेलं : "वसुली नाही."

खुर्चीतला

मी पीडीओ आहे. मातृभाषा कन्नड, मराठी निपाणी भागात शिकलो, चुका असतील तर सांभाळून घ्या. गावाचं नाव देत नाही.

अक्कांनी शेवटी जे लिहिलं त्यावरच बोलतो, कारण लोकांना वाटतं पंचायतीकडे पैसा आहे आणि आम्ही दाबून बसतो. पैसा आहे. पण प्रत्येक पैशाच्या गळ्यात पट्टा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बांधील, त्यातला अर्धा पाण्याला, अर्धा स्वच्छतेला. उरलेले ४० टक्के मोकळे म्हणतात, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही असं आयोगानंच घातलंय. म्हणजे मी नवी पाइपलाइन टाकू शकतो. त्या पाइपलाइनचा व्हॉल्व फिरवणाऱ्याचा पगार त्यातून देऊ शकत नाही. जलजीवन मिशन २०१९ पासून घरोघरी नळ द्यायला आलं, माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट. नळ वाढले, व्हॉल्व वाढले. नीरगंटी तेवढेच.

मग पगार कुठून? काही भाग सरकारकडून येतो तो येईल तेव्हा, बाकी स्वनिधीतून. स्वनिधी म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. आणि पाणीपट्टीची पावती फाडायला बिल कलेक्टर गेला की सदस्याचा फोन, "आता राहू दे, निवडणूक जवळ आली." आपल्या पंचायतीत निवडणूक नेहमी जवळच असते. ज्या घरापुढे दोन गाड्या उभ्या आहेत ते घर वर्षाची पाणीपट्टी ठेवतं, आणि त्याच घरातला माणूस ग्रामसभेत उठून विचारतो, "तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

माझ्या बाजूचंही सांगतो. माझी सकाळ गावात जायला हवी ती स्क्रीनपुढे जाते. पंचतंत्र, ई-स्वत्तू ही पंचायतीची सॉफ्टवेअर, नरेगाची हजेरी, मतदारयादी, सर्व्हे. कुठलीच नोंद एका दिवसानं मागे राहून चालत नाही. नीरगंटीचा पगार मात्र चार महिने मागे राहिला तरी वरून विचारणा येत नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा बस्तवाडच्या, कोंडसकोप्पच्या आंदोलनाच्या मंडपात पंचायतीचे कर्मचारी येऊन बसतात. मंत्री निवेदन घेतात, फोटो होतो. आमचा नीरगंटी जाऊन आला. त्या दिवशी गावाला पाणी मीच सोडलं. देवळामागचा व्हॉल्व पूर्ण उघडला होता, वेदगंगाकाठ यांनी लिहिलंय तेच झालं. वरच्या आळीच्या शिव्या खाल्ल्या.

मिरचीकांदा

हा हा! साहेब, आटे मोजून कागदावर लिहून ठेवा आता.

खुर्चीतला

लिहून घेतले. भिंतीवर लावलेत, मराठीत आणि कन्नडात.

खडेबाजार

पीडीओ साहेबांचं पटलं, अर्धं. पाणीपट्टी न भरणाऱ्याचं नाव फलकावर लावायचा अधिकार तुम्हाला आहे की नाही? लावा. सदस्याला राग आला तर येऊ दे. "वसुली नाही" हे कारण पंचायतीनं स्वतःच पोसलंय आणि त्याचा मार खालच्या माणसानं खायचा, हे मात्र मला मान्य नाही. ओक्कूटवाली अक्का, काचेचं वाचून वाईट वाटलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये काचेसाठी वेगळा डबा ठेवायला सांगतो. ऐकतील की नाही, बघू.

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. चर्चा वाचून एक ठरवलंय. जमाबंदी दरवर्षी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, पंचायतीचा वर्षाचा हिशेब गावापुढे वाचायचा असतो. आमच्याकडे तो दहा मिनिटांत उरकतात, कामांची यादी, खर्च, टाळ्या, चहा. ह्या वेळी कर्मचाऱ्यांच्या पगाराचं पान वाचायला सांगणार. कुणाचं किती महिन्यांचं थकलंय, आणि शेजारी पाणीपट्टीची थकबाकी. दोन्ही एकाच बैठकीत. माझ्या भावकीतली चार घरं त्या थकबाकीत निघणार, हे आधीच सांगून ठेवतो.

जांबोटीकर

भावकी असली की जरा जोरात वाचायला सांगा.

पालिकेतला जुना

नुसतं पगाराचं पान मागू नका. तिथे 'अदा' असा शिक्का मारलेला दिसेल आणि तुम्ही गप्प बसाल. हजेरीपट मागा, पगारपत्रक मागा, आणि बँकेत पैसे जमा झाल्याची तारीख मागा. तिन्ही शेजारी ठेवून एक-एक नाव लावून बघा. हजेरीपटावरच्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत केलेल्या आहेत का, तेही बघा. आणि ठेक्यावरचे असतील तर त्यांच्या पीएफचं चलन वेगळं मागा. ते आपण होऊन कुणी दाखवत नाही.